खुर्ची उलटी करून बघा: जुनं डॅनिश फर्निचर ओळखायचं कसं

जुन्या सामानाच्या दुकानात सागाची एखादी देखणी खुर्ची दिसली की आपण आधी तिच्यावर हात फिरवतो, मग बसून बघतो आणि मग किंमत विचारतो. दुकानदार म्हणतो, "डॅनिश आहे, वेग्नरची." हान्स वेग्नर हे डेन्मार्कचे गाजलेले फर्निचर डिझायनर, आणि तेवढ्या एका नावावर किंमत दहापट चढलेली असते. लंडन, शिकागो किंवा कोपनहेगनला राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रसंग नवा नाही. शनिवारच्या जुन्या बाजारात अशा खुर्च्या रांगेने मांडलेल्या असतात, आणि प्रत्येकीला कोणत्या तरी मोठ्या माणसाचं नाव चिकटवलेलं असतं.

अशा वेळी दुकानदाराला विचारून खुर्ची उलटी करा. बैठकीच्या खालची चौकट, पायांची आतली बाजू, पाठीमागची आडवी पट्टी नीट बघा. तिथे डिझायनरचं नाव शोधायला जाऊ नका. शोधायचं ते ती खुर्ची कोणी बनवली त्याचं नाव, म्हणजे कारखान्याचं किंवा सुताराचं. डॅनिश फर्निचरची सगळी ओळख इथून सुरू होते. आधी कारखाना सापडतो, कारखान्यावरून काळ कळतो, आणि डिझायनरचं नाव सगळ्यात शेवटी हाती लागतं. बहुतेक लोक हा प्रवास उलट्या दिशेने करतात आणि म्हणून फसतात.

असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९२४ साली कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत फर्निचरचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि तो कोरे क्लिंट या वास्तुविशारदाकडे आला. क्लिंट यांचा आग्रह मोजमापाचा होता. माणूस बसतो तेव्हा गुडघा किती उंचीवर येतो, घडी घातलेला सदरा किती जागा घेतो, ताटवाट्या किती जागेत मावतात, हे मोजून मग कपाट आखायचं. जुन्या इंग्लिश, चिनी, इजिप्शियन खुर्च्यांचीही त्यांनी विद्यार्थ्यांकडून बारकाईने रेखाटनं करून घेतली. पुढे १९२७ पासून कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाने दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली, आणि ते १९६६ पर्यंत चाललं. या प्रदर्शनांत डिझायनर आणि सुतार यांच्या जोड्या जमल्या. क्लिंट आणि रुड रासमुसन, फिन यूल आणि नील्स वोडर, हान्स वेग्नर आणि योहानेस हान्सन, ओले वान्शर आणि ए. जे. इव्हरसन. कागदावरची रेघ एकाची आणि लाकडातला जीव दुसऱ्याचा. गायक आणि तबलजी यांची जोडी जमते तसं हे होतं. म्हणूनच नील्स वोडर यांचा शिक्का दिसला की पहिली शंका फिन यूल यांचीच येते.

आता नावांचा घोळ. डेन्मार्कमध्ये आडनावाच्या शेवटचं 'सन' म्हणजे मुलगा, त्यामुळे हान्सन, आंडरसन, ओल्सन ही आडनावं पैशाला पासरी. एका आळीत पाच कुलकर्णी असावेत तशी स्थिती. फ्रिट्झ हान्सन, कार्ल हान्सन आणि योहानेस हान्सन ही तीन वेगवेगळी घराणी आहेत, आणि वेग्नर यांनी तिघांसाठीही खुर्च्या केल्या! नील्स वोडर हे सुतार, तर आर्ने वोडर हे डिझायनर, ज्यांचे साइडबोर्ड, म्हणजे जेवणघरातली लांब बुटकी कपाटं, सिबास्ट या कारखान्याने काढले. पॉल नावाचे तर किती तरी: केअरहोम, काडोवियस, वोल्थर, हेनिंगसन. विक्रेता नुसतं "हान्सनची खुर्ची" म्हणाला तर "कोणते हान्सन?" हा प्रश्न लगेच विचारायला हवा.

शिक्क्यावरचे काही डॅनिश शब्द ओळखता आले तर निम्मं काम होतं. 'मोब्लर' म्हणजे फर्निचर, 'मोबेलफाब्रिक' म्हणजे फर्निचरचा कारखाना, 'स्नेडकर' म्हणजे बारीक काम करणारा सुतार. या शब्दांत कधी ओ या अक्षरावर तिरकी रेघ मारलेली दिसते. ती शाईची चूक नाही, ते डॅनिश भाषेतलं स्वतंत्र अक्षर आहे. डिझायनरच्या नावाआधी बऱ्याचदा 'आर्किटेक्ट' लिहिलेलं असतं, कारण तिकडे फर्निचर आखणाऱ्यालाही वास्तुविशारद म्हणण्याची रीत होती.

शिक्के अनेक तऱ्हेचे असतात. जुन्या सुतारांनी तापलेल्या लोखंडाने लाकडात नाव डागलेलं असतं. नील्स वोडर आणि योहानेस हान्सन यांचे शिक्के असे आहेत, आणि बोटाने चाचपले तर खोलगट लागतात. मोठ्या कारखान्यांनी धातूच्या छोट्या गोल चकत्या ठोकल्या, काहींनी कागदाची चिठ्ठी डकवली. ही चिठ्ठी सत्तर वर्षांत गळून पडलेली असते आणि तिच्या जागी फक्त फिकट चौकोन उरतो. पोलाद वापरणाऱ्या पॉल केअरहोम यांच्या खुर्च्यांवर खूण पोलादातच ठसवलेली असते.

काळ ओळखण्याची सगळ्यात पक्की वाट मला वाटते ती ही: तीच खुर्ची वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी बनवली, त्यामुळे शिक्का म्हणजे तारीखच. वेग्नर यांची १९४९ ची गोल पाठीची खुर्ची योहानेस हान्सन बनवत. १९९० च्या सुमारास ते काम पीपी मोब्लर या कारखान्याकडे गेलं. आजही ती तिथे बनते आणि अप्रतिम बनते, पण पीपीचा शिक्का असलेली खुर्ची कोणी '१९५० ची' म्हणून विकत असेल तर तो चुकतोय. केअरहोम यांच्या खुर्च्या आधी ई. कोल्ड क्रिस्टेन्सन काढत, आणि १९८२ पासून फ्रिट्झ हान्सन काढतात. आणखी एक उदाहरण फ्रान्स अँड डेव्हरकोसन या कारखान्याचं. गाद्यांच्या धंद्यातून फर्निचरकडे वळलेली ही मंडळी. सागाच्या आरामखुर्च्या सुट्या भागांत खोक्यात भरून परदेशी पाठवायच्या, म्हणजे जहाजाचं भाडं वाचतं, ही त्यांची युक्ती. १९५७ च्या सुमारास नाव बदलून फ्रान्स अँड सन झालं आणि पुढे हा कारखाना पॉल काडोवियस यांच्याकडे जाऊन चकतीवर 'काडो' आलं. आरामखुर्ची एक, चकत्या तीन, आणि प्रत्येक चकतीचा काळ वेगळा.

काही खुणा मात्र फसव्या असतात. लालसर रंगाचा तो गोल 'डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल'चा शिक्का अनेक साइडबोर्डांच्या मागे किंवा खणाच्या आत सापडतो. विक्रेते तो असा दाखवतात, जणू ती डिझायनरचीच सही. प्रत्यक्षात तो दर्जा तपासल्याचा शिक्का आहे, आणि ही तपासणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्यावरून माल डॅनिश आहे आणि बांधणी चांगली आहे एवढंच कळतं. कोणी आखला, ते नाही. नुसतं 'मेड इन डेन्मार्क' तर आजच्या मालावरही असतं. अमेरिकेत सापडणाऱ्या तुकड्यांवर कधी कधी सेलिग किंवा जॉर्ज टॅनियर अशी नावं दिसतात. ही माल मागवून विकणाऱ्यांची नावं आहेत. आणि इंग्लंडमध्ये जी-प्लॅन या ब्रिटिश कंपनीने १९६० च्या दशकात इब कोफोड-लार्सन या डॅनिश डिझायनरकडून एक मालिका आखून घेतली होती. म्हणजे डिझायनर डॅनिश, बनावट इंग्लिश! अशा तुकड्याला काय म्हणायचं? मी तरी ब्रिटिशच म्हणेन.

शिक्का अजिबातच नसेल तर? तर लाकडाशी बोलावं लागतं, आणि इथे मराठी माणसाचा हात जरा वरचा आहे. साग आणि शिसव या शब्दांसोबतच आपण वाढलो. जुन्या वाड्यांच्या तुळया, आजीचा पलंग, देवघराचं दार यांमुळे सागाचा तो तेलकट स्पर्श आणि वास आपल्या ओळखीचा असतो. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. तो तिथे पोचला तो पूर्वेच्या व्यापारातून. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या कोपनहेगनच्या ईस्ट एशियाटिक कंपनीचा सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, सागाच्या जंगलांशी जुना संबंध होता. महायुद्धानंतर डॅनिश कारखाने सागाकडे मोठ्या प्रमाणावर वळले. सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे रंध्याची आणि करवतीची धार लवकर मरते. हे आपल्याकडच्या कोणत्याही सुताराला विचारा. कठीण धातूच्या दातांच्या करवती आल्या तेव्हाच कारखान्यात साग भराभर कापणं परवडू लागलं. त्याआधीचं डॅनिश काम पाहिलं तर बीच, ओक, अक्रोड, महोगनी ही लाकडं जास्त दिसतात. त्यामुळे 'साग आहे म्हणजे डॅनिश' हे जितकं चूक, तितकंच 'साग नाही म्हणजे डॅनिश नाही' हेही चूक.

आपल्या मनातला एक समज मात्र दाराबाहेर ठेवावा लागतो. 'भरीव लाकूड ते अस्सल, व्हिनियर (म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) ते हलकं' असं आपण सरसकट मानतो. डॅनिश साइडबोर्ड बहुतेक वेळा व्हिनियरचंच असतं, आणि ते हलक्या कामाचं लक्षण नाही. रुंद भरीव फळी गरम केलेल्या घरात आकसते, फुगते, तडकते. पातळ व्हिनियर न आकसणाऱ्या फळीवर चिकटवलं तर फळी सरळ राहते, आणि कडांना मात्र भरीव लाकडाच्या पट्ट्या लावलेल्या असतात. चांगल्या कामाची खूण इथे डोळ्यांना दिसते. डावीकडच्या खणावर सुरू झालेली लाकडाची रेषा न तुटता उजव्या दारापर्यंत वाहत जाते, कारण सगळे तुकडे एकाच ओंडक्यातून ओळीने काढलेले असतात. मधल्याच एखाद्या खणावर रेषा अचानक तुटली तर तो खण नंतर बदललेला आहे, हे कोणी न सांगता कळतं.

मग खण बाहेर ओढून बघा. कोपऱ्यातले सांधे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत गुंतलेले असावेत. खणाच्या बाजूच्या पट्ट्या पातळ, बहुधा बीच किंवा ओकच्या. मूठ अनेकदा वेगळी ठोकलेली नसते, खणाच्या कडेलाच लाकूड कोरून बोटांना जागा केलेली असते. आतले स्क्रू जुन्या पद्धतीचे, एका सरळ खाचेचे. मागची बाजू पॉलिश केलेली असेल तर आणखी चांगलं, म्हणजे कपाट खोलीच्या मध्यभागी उभं करता येईल असं मनात ठेवून बनवलेलं आहे.

सांध्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वेग्नर यांच्या त्या गोल खुर्चीची पाठ आणि हात मिळून एक अखंड वळण दिसतं, पण ते एका लाकडाचं नाही, तुकडे जोडून केलेलं आहे. १९४९ च्या पहिल्या खुर्च्यांत हे जोड झाकायला पाठीवर वेत गुंडाळला होता. मग वेग्नर यांनी विचार बदलला. जोड लपवायचा कशाला? त्यांनी बोटांत बोटं गुंतवावीत तसा नागमोडी सांधा केला आणि तो सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेवला. वेग्नर हे टोंडर गावच्या चांभाराचे मुलगे, आणि पोरवयातच सुतारकाम शिकलेले. हाताने काम केलेल्या माणसालाच असा निर्णय सुचतो असं मला मनापासून वाटतं. २६ सप्टेंबर १९६० ला केनेडी आणि निक्सन यांच्यात टीव्हीवर पहिला वाद झाला, तेव्हा मंचावर याच खुर्च्या होत्या. अमेरिकेत तिला लोक नुसतं 'द चेअर' म्हणू लागले.

बैठकीचं विणकामही बोलतं. डॅनिश खुर्च्यांची ती दोरी सुताची नाही, पिळलेल्या कागदाची असते. युद्धकाळात समुद्री गवताची दोरी मिळेना, तेव्हा कागदी दोरीचा वापर वाढला आणि पुढे तीच ओळख झाली. वेग्नर यांच्या वाय आकाराच्या पाठीच्या खुर्चीला, जी कार्ल हान्सन १९५० पासून बनवतात, सुमारे १२० मीटर दोरी लागते आणि ती चौकटीभोवतीच विणली जाते. नील्स ओटो मोलर यांच्या जेवणाच्या खुर्च्यांत मात्र चौकटीच्या आतल्या बाजूला एल आकाराच्या छोट्या खिळ्यांची रांग असते आणि दोरी त्यांना अडकवलेली असते. दोरी बदललेली असेल तर काळजीचं कारण नाही, ती बदलण्यासाठीच असते. पण ते खिळे उपटून तिथे साधे स्टेपल मारले असतील, तर दुरुस्ती अडाण्याच्या हातची आहे.

डिझायनरचा हात ओळखायला नजर तयार व्हावी लागते. त्याला वर्षं लागतात. तरी सुरुवातीला धरून चालावं असं थोडं सांगतो. फिन यूल यांच्या खुर्चीत बैठक चौकटीवर टेकलेली वाटत नाही, जणू अधांतरी उचललेली. हात आणि पाठ शिल्पासारखी, टोकाकडे निमुळती होत जाणारी. बोर्ग मोगेन्सन यांचं काम अगदी दुसऱ्या टोकाचं: सरळ, जाड, खणखणीत, ओक आणि जाड चामडं, पट्टे आणि बकल उघडे. १९४२ ते १९५० ते एफडीबी या ग्राहक सहकारी संघाच्या फर्निचर विभागाचे प्रमुख होते, आणि १९४७ ची त्यांची साधी कागदी दोरीची खुर्ची सामान्य घरांना परवडावी म्हणूनच आखली होती. सहकाराची चळवळ जवळून पाहिलेल्या आपल्यासारख्यांना ही खुर्ची आवडावी, आणि मला तर ती सगळ्यांत जास्त आवडते. केअरहोम म्हणजे चपटं पोलाद, वेत आणि चामडं, एकही रेघ जास्त नाही. आर्ने याकोबसन म्हणजे दाबून वाकवलेल्या प्लायवूडचं कवच. ग्रेटे यल्क आणि नाना डिट्झेल या दोघींची नावं विक्रेते अनेकदा गाळतात. तुम्ही गाळू नका.

याकोबसन यांच्या खुर्च्यांची नक्कल जगात सगळ्यात जास्त झाली असावी. १९५२ ची त्यांची 'मुंगी' मूळ तीन पायांचीच होती. चार पायांची मुंगी कारखान्याने त्यांच्या निधनानंतर, म्हणजे १९७१ नंतर काढली. तेव्हा चार पायांची मुंगी '१९५५ ची' असूच शकत नाही. १९५५ ची जी सात नंबरची खुर्ची, तिचं अस्सल कवच व्हिनियरच्या नऊ थरांचं. नकलेची सगळ्यात प्रसिद्ध गोष्टही हिचीच. १९६३ मध्ये छायाचित्रकार लुईस मॉर्ली यांनी ब्रिटनमधल्या प्रोफ्युमो प्रकरणामुळे चर्चेत आलेल्या क्रिस्टीन कीलर यांचं जे गाजलेलं छायाचित्र काढलं, त्यात त्या खुर्चीची पाठ पुढे घेऊन, उलट्या दिशेने बसल्या आहेत. ती खुर्ची याकोबसन यांची समजून लोकांनी दशकानुदशकं डोक्यावर घेतली. पण नीट बघा: पाठीत हात घालायला एक खाच कापलेली आहे. ती नक्कल आहे, आणि आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नक्कल म्हणूनच जपलेली आहे.

एवढं सगळं बघून झालं तरी नाव लागत नसेल, तर मोजपट्टी काढा. एकूण उंची, रुंदी, खोली आणि बैठकीची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या, आणि फोटो उलट्या बाजूचेही काढा. कोपनहेगनच्या डॅनिश डिझाइन संग्रहालयाची फर्निचर सूची इंटरनेटवर उघडी आहे. तिथे डिझायनर आणि कारखाना यांच्या नावाने तुकडे शोधता येतात. सुतारसंघाच्या चाळीस वर्षांच्या प्रदर्शनांचे चार खंड ग्रेटे यल्क यांनीच १९८७ मध्ये संपादित केले. मोठ्या ग्रंथालयात ते मिळाले तर एक अख्खी दुपार हातात ठेवून बसा. तिथलं चित्र आणि तुमची खुर्ची यांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघाला तर घाईने 'हीच ती' म्हणू नका. आडव्या पट्टीची जागा, हाताचं टोक, पायाचा उतार हे सगळं जुळायला हवं.

विक्रीच्या चिठ्ठीतले शब्दही तोलून वाचा. 'अमक्यांनी आखलेली' म्हणजे विक्रेता त्या नावाची जबाबदारी घेतोय. 'अमक्यांची असावी' म्हणजे अंदाज. 'अमक्यांच्या शैलीतली' म्हणजे त्यांची नाही, हे विक्रेत्यालाही ठाऊक आहे. डेन्मार्कमध्ये त्या काळात शेकडो छोटे कारखाने होते, आणि त्यांच्या कित्येक सुंदर कपाटांचा आखणारा आज कुठेच नोंदलेला नाही. 'डेन्मार्क, साधारण १९६०, साग, कारखाना अज्ञात' असं लिहिणाऱ्या दुकानदाराकडून मी डोळे मिटून खरेदी करेन.

शेवटची सूचना शिसवीबद्दल, कारण इथे नुसती किंमत नाही, कायदाही आडवा येतो. डॅनिश लोक या लाकडाला पालिसांडर म्हणतात. त्यांनी ब्राझीलची शिसव वापरली आणि आपल्या सह्याद्रीतही वाढणारी भारतीय शिसवही. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखणं जाणकारांनाही अवघड जातं. ब्राझीलच्या शिसवीला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात सगळ्यात कडक संरक्षण आहे, आणि भारतीय शिसवीवर २०१७ पासून त्याहून सौम्य नियम लागू आहेत. त्यामुळे काळसर रेषांचं ते देखणं टेबल युरोपातून भारतात किंवा अमेरिकेत न्यायचं असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागा. आहे म्हणाला तर ते हातात घेऊन वाचा, आणि त्यावर लाकडाचं शास्त्रीय नाव लिहिलेलं आहे का तेही बघा.